मीरामारवर भेटलेले भाऊसाहेब

गोव्याचा प्लॅन ठरणं आणि कॅन्सल होणं यावर आपल्या पिढीनं इतके मीम्स केलेत, की खरोखर गोव्याला पोचलेला ग्रुप म्हणजे दुर्मिळ प्रजातीच. आमचा ग्रुप सेकंड इयरला पोचला. पुण्याहून रात्रीची स्लीपर बस, सकाळी म्हापसा, मग दोन दिवस बागा-कळंगुट वगैरे जे सगळे करतात तेच. तिसऱ्या दिवशी पणजीत मीरामार बीचवर सूर्यास्त बघायला गेलो. पाय दुखत होते, म्हणून बीचला लागून असलेल्या एका बांधकामाशी बसलो आणि वेफर्सचं पाकीट फोडलं. शेजारून जाणाऱ्या एका आजोबांनी काही न बोलता नुसतं बोट दाखवलं. बघतो तर ती समाधी होती. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, दयानंद बांदोडकर. पाकीट बॅगेत गेलं आणि आम्ही ओशाळून उठलो.

आणखी गंमत म्हणजे पणजीतून मीरामारला आम्ही ज्या रस्त्यानं आलो, एका बाजूला मांडवी आणि तिच्यात उभी असलेली कसिनोंची जहाजं, त्या रस्त्याचं नावही दयानंद बांदोडकर मार्गच आहे. कसिनोचे फोटो आमच्याकडे वीस तरी असतील, रस्त्याच्या पाटीचा एकही नव्हता.

हे नाव डोक्यात परत आलं ते पुण्यात. माझी रूममेट गोव्याची, पेडणे तालुक्यातली. घरी फोन लागला की कोकणी सुरू. गावचा पेपर मोबाइलवर उघडला की तो मराठी. घरची गणपतीची आरती मराठी, भांडण मात्र शुद्ध कोकणीत. मी एकदा सहज म्हणून गेले की तुम्ही लोक तसे महाराष्ट्रातलेच की. ती चिडली नाही, पण तिनं मला एक तारीख सांगितली आणि वाचून ये म्हणाली. 16 जानेवारी 1967. तुम्हीही ही तारीख पहिल्यांदाच ऐकत असाल तर लाजू नका, माझंही तसंच होतं. आपल्या शाळेच्या पुस्तकात संयुक्त महाराष्ट्र आहे, 1960 आहे, आणि तिथे धडा संपतो. गोव्यात तो पुढे सात वर्षं चालू होता, आणि त्याच्या मधोमध हे भाऊसाहेब बांदोडकर उभे होते.

त्यांचा जन्म 12 मार्च 1911 चा, पेडण्याचा. आरंबोल, मोरजी, मांद्रे हे जे बीच तुम्ही इन्स्टावर बघता ते सगळे याच तालुक्यात येतात. पण गोव्याच्या इतिहासात पेडण्याचं स्थान जरा वेगळं आहे, आणि ते कळल्याशिवाय बांदोडकर कळत नाहीत. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांनी घेतलं होतं ते तिसवाडी, म्हणजे आजच्या पणजी आणि जुन्या गोव्याच्या आसपासचं बेट. बारदेश आणि साष्टी त्यांच्याकडे आले 1543 च्या सुमारास. आपण ज्याला गोवा म्हणून ओळखतो, म्हणजे पांढरी चर्चेस, मोठ्या व्हरांड्यांची घरं, पाव, मांडो, ते मुख्यतः या जुन्या तालुक्यांतलं. पेडणे मात्र त्यांच्या हातात गेलं 1788 मध्ये, त्याआधी ते सावंतवाडीकर भोसल्यांकडे होतं. फोंडा, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण हे तालुकेही असेच उशिरा आलेले. तोवर धर्मांतराची लाट ओसरली होती. त्यामुळे तिथे देवळं राहिली, दशावतार राहिला, मराठी कीर्तन राहिलं. म्हणजे एकाच चिमुकल्या प्रदेशात साडेचारशे वर्षं पोर्तुगाल अनुभवलेले लोक होते आणि पावणेदोनशे वर्षं अनुभवलेलेही होते. बांदोडकर या दुसऱ्या गोव्यातले.

आणि तेही वरच्या थरातले नव्हेत. ते गोमंतक मराठा समाजातले. या समाजातल्या कलावंतांनी देशाला मोठं संगीत दिलं, पण गावच्या उतरंडीत त्यांना मान मिळत नव्हता. तेव्हाच्या गोव्यात जमीन भाटकारांची असे. भाटकार म्हणजे जमीनदार. त्याच्या जमिनीवर घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर मुंडकारानं बांधलेलं, पण खालची जमीन दुसऱ्याची, त्यामुळे भाटकाराच्या मर्जीवर छप्पर. पुण्यात भाड्यानं राहणाऱ्यांना घरमालकाची भीती माहितीये, पण इथे ती पिढ्यानपिढ्या चालायची. त्यात वर सालाझारची हुकूमशाही. साधी लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची परवानगी लागायची.

अशा ठिकाणी बेताच्या शिक्षणाचा हा माणूस धंद्यात उतरला आणि पुढे खाणमालक झाला. लोखंडाच्या खनिजानं युद्धानंतरच्या वर्षांत गोव्यात भराभर श्रीमंती आणली, त्यातल्या मोजक्या बहुजन मालकांपैकी ते एक. खाणींनी गोव्याच्या डोंगरांचं आणि नद्यांचं काय केलं हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर दुसऱ्या कुणीतरी या पानावर लिहावं. इथे एवढंच, की पैसा आल्यावर त्यांनी तो देवळांना, शाळांना, अडल्यानडल्याला मोकळ्या हातानं दिला आणि लोक त्यांना भाऊ म्हणायला लागले. निवडणूक वगैरे तेव्हा कुठेच नव्हती, त्यामुळे हे मतांसाठी होतं असंही म्हणता येत नाही.

याच काळात पुणं गोव्यासाठी पेटलं होतं. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहाचं मुख्य केंद्र आपल्या नारायण पेठेत, केसरीवाड्यात होतं. 18 मे 1955 ला गोव्यात घुसलेल्या पहिल्या तुकडीत नानासाहेब गोरे होते, सेनापती बापट होते. त्याच वर्षी 15 ऑगस्टला हजारो सत्याग्रही सीमेवर गेले आणि पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून जास्त माणसं गेली. सावंतवाडीमार्गे जाणारी पुण्याची बस बांद्यानंतर ज्या पत्रादेवी नाक्यावरून गोव्यात शिरते, तिथे या हुतात्म्यांचं स्मारक आहे. मी तिथून दोनदा गेलेय, दोन्ही वेळा झोपेत. शेवटी 1961 च्या डिसेंबरमध्ये भारतीय सैन्य गेलं आणि 19 डिसेंबरला गोवा मोकळा झाला.

आता स्वतःला त्या वेळच्या पुणेकराच्या जागी ठेवून बघा. दीड वर्षापूर्वी मुंबईसह महाराष्ट्र मिळालाय. गोव्यासाठी आपली माणसं मार खाऊन, तुरुंगात राहून आलीत. तिथे मराठी वाचतात, मराठी नाटकं करतात, देवळात मराठी अभंग म्हणतात. मग गोवा महाराष्ट्रातच येणार, यात विचारायचं काय? बहुतेकांना हेच वाटत होतं. त्यात वाईट हेतू नव्हता. फक्त गोव्यातल्या लोकांना अजून कुणी विचारलं नव्हतं.

गोव्यात बांदोडकरांनाही तेच वाटत होतं, पण कारण वेगळं होतं, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांच्यासारख्या माणसाला महाराष्ट्र म्हणजे फक्त भाषा नव्हती. तिथे कुळ कायदा झाला होता, बहुजन समाजातली माणसं मंत्री होत होती, सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातले यशवंतराव मुख्यमंत्री झाले होते. गोवा वेगळा राहिला तर पोर्तुगीज गेले तरी भाटकारांचंच राज्य राहील, ही त्यांच्या लोकांची भीती होती. 1963 मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निघाला, ज्याला आजही मगो म्हणतात. समोर होता डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष. त्याच्यामागे ख्रिस्ती समाज, कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे असं मानणारे हिंदू आणि महाराष्ट्रात गेलो तर एका मोठ्या राज्याचा कोपऱ्यातला जिल्हा होऊ, असं वाटणारे बरेच जण.

डिसेंबर 1963 मध्ये पहिली निवडणूक झाली. ज्या काँग्रेसच्या सरकारनं सैन्य पाठवून गोवा सोडवला, तिला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. मगो सगळ्यात मोठा पक्ष ठरला आणि 20 डिसेंबरला बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ज्याच्या समाजाला गावच्या सभेत मागे बसावं लागे, त्या समाजातला माणूस गोव्याच्या पहिल्या लोकनिर्वाचित सरकारचा प्रमुख! आपल्याला आज हे वाक्य वाचून फार काही वाटत नाही, पण पेडण्या-सत्तरीतल्या मुंडकाराला काय वाटलं असेल याचा अंदाज करा.

त्यांनी दोन गोष्टींना ताबडतोब हात घातला, जमीन आणि शाळा. 1964 मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. आणि गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, जिथे मास्तर पोचेल तिथे, देवळाच्या ओसरीत सुद्धा. ज्यांच्या घरात तोवर कुणी पाटी धरली नव्हती अशी मुलं शिकायला लागली. माझ्या रूममेटची आजी त्यांतलीच. आजी आयुष्यभर कोकणी बोलली आणि तिला लिहिता-वाचता आली ती मराठी. मी जे विसंगत समजत होते ते त्या घरात असं तयार झालं होतं.

विलीनीकरणाचा ठराव गोव्याच्या विधानसभेत 1965 मध्ये मंजूर झाला. बांदोडकरांचं म्हणणं सरळ होतं, लोकांनी आम्हाला याच मुद्द्यावर निवडून दिलंय, आता करून टाका. सिक्वेरांचं म्हणणं, एखादं सरकार निवडणं वेगळं आणि आपला प्रदेश कायमचा विसर्जित करणं वेगळं, लोकांना थेट विचारा. दिल्लीत बऱ्याच खलबतांनंतर दुसरी बाजू पटली. 1966 च्या डिसेंबरमध्ये संसदेनं जनमत कौलाचा कायदा केला. राज्यात सामील व्हायचं की नाही हे लोकांच्या थेट मतानं ठरवायचं, असं आपल्या देशात फार क्वचित झालंय.

त्यात एक अट आली. बांदोडकर मुख्यमंत्री असताना मतदान झालं तर सरकारी यंत्रणा एका बाजूला झुकेल, असा विरोधकांचा आक्षेप होता. बांदोडकरांनी राजीनामा दिला. राष्ट्रपती राजवट लागली. आजच्या राजकारणाच्या बातम्या एडिट करताना मला हे सारखं आठवतं. कोर्टानं सांगितलेलं नाही, बहुमत गेलेलं नाही, आणि माणूस आपल्या मागणीसाठी स्वतःची खुर्ची बाजूला ठेवतो.

मग जो प्रचार झाला तो भन्नाट होता. विलीनीकरणाला मत म्हणजे फूल, वेगळं राहायला मत म्हणजे दोन पानं. महाराष्ट्रातून मोठमोठे नेते उतरले. विरोधकांनी गाणी रचली, गावोगाव कार्यक्रम केले. महाराष्ट्रातल्या दारूबंदीची आठवण काढून फेणीचं काय होणार हा प्रश्नही सुटला नाही, आणि हसू नका, माडावर आणि काजूवर जगणाऱ्या माणसासाठी तो पोटाचा प्रश्न होता. गोव्यातल्या नोकऱ्या कुणाला जातील, कोकणीला बोली म्हणून कायमचं बाजूला टाकतील का, असे प्रश्नही होते. सगळ्यात भारी विरोधाभास म्हणजे महाराष्ट्रात जाऊ नका हे हिंदू वाचकांना पटवण्याचं मोठं काम ज्या दैनिकानं केलं, ते मडगावचं 'राष्ट्रमत', मराठी होतं. चंद्रकांत केणी संपादक आणि त्यात उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे धारदार सदर. मराठीतूनच मराठी राज्याला नको म्हणायचं! आम्हाला वर्गात मीडिया आणि जनमत शिकवताना अमेरिकेची उदाहरणं देतात. हे उदाहरण रात्रीच्या एका बसवर आहे.

16 जानेवारी 1967 ला मतदान झालं. 3,88,432 मतदारांपैकी 3,17,633 जणांनी मत दिलं, म्हणजे 81 टक्क्यांहून जास्त. विलीनीकरणाच्या बाजूनं 1,38,170. वेगळं राहण्याच्या बाजूनं 1,72,191. फरक 34,021 मतांचा. मी कॅल्क्युलेटर काढून बघितलं, सतरा हजार अकरा माणसांनी दोन पानांऐवजी फुलावर शिक्का मारला असता तर आज गोवा महाराष्ट्रात असता. पुण्यातल्या तीन-चार मोठ्या कॉलेजांतली मुलं एकत्र आली की एवढी होतात. अर्थात कौल गोव्यात सगळीकडे सारखा नव्हता. पेडण्यासारखे उशिरा आलेले तालुके फुलाकडे झुकले, ख्रिस्तीबहुल साष्टी ठामपणे पानांकडे. पण नुसतं हिंदू विरुद्ध ख्रिस्ती म्हणाल तर गणित जुळत नाही, कारण तेव्हाही गोव्यात हिंदू बहुसंख्य होते. बऱ्याच हिंदूंनी, आणि मगोला मत देणाऱ्या काहींनी सुद्धा, वेगळं राहायचं ठरवलं तेव्हाच हा आकडा आला.

ज्याच्यासाठी पक्ष काढला, खुर्ची सोडली, ते गेलं. बांदोडकर हरले. गोष्ट इथे संपली असती तर ते आज एका हरलेल्या मागणीचे पुढारी म्हणून तळटिपेत उरले असते.

मार्चच्या 28 तारखेला विधानसभेची निवडणूक झाली. जनमत कौलानंतर बरोबर 71 दिवसांनी. तीच माणसं, तीच गावं. आणि मगोला तीसपैकी 16 जागा मिळाल्या. एप्रिलच्या सुरुवातीला बांदोडकर परत मुख्यमंत्री. लोकांनी भाऊंची मागणी नाकारली होती, भाऊंना नाही. मला यावर बराच विचार करून असं वाटतं की मगोच्या मतदारांपैकी काहींना मध्येच एक साधी गोष्ट जाणवली असेल. गोवा महाराष्ट्राचा जिल्हा झाला तर आपला मुख्यमंत्री कुठला? सत्ता मुंबईला जाणार आणि भाऊही तिथल्या अनेकांपैकी एक होणार. तीन वर्षांत पहिल्यांदाच आपला माणूस पणजीत बसलाय, तो कशाला घालवायचा? गंमत बघा, विलीनीकरणाच्या विरोधातला हा मुद्दा खुद्द बांदोडकरांच्या कारभारानंच तयार केला होता.

पुढे त्यांनी निकालावर रडगाणं गायल्याचं दिसत नाही. शाळा वाढत राहिल्या, गोव्यात कला अकादमी उभी राहिली, फुटबॉलपासून संगीतापर्यंत सगळ्यात त्यांना रस. त्यांच्या नावाची फुटबॉल ट्रॉफी नंतर कितीतरी वर्षं देशभर गाजली. सगळं गोड होतं असंही नाही. कारभार एकहाती, पक्षात त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही, असे आक्षेप होते, आणि 1970 मध्ये त्यांच्याच आमदारांनी बंड केलं. तेव्हा सरकार वाचलं ते विरोधी युनायटेड गोवन्समधल्या काही जणांनी हात दिला म्हणून. विलीनीकरणाच्या कडव्या विरोधकांचा आधार घेऊन मगोचं सरकार चालतंय, हे तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. 1972 ची निवडणूकही त्यांनी जिंकली. मुख्यमंत्री असतानाच 12 ऑगस्ट 1973 ला ते गेले. त्यांच्यानंतर त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्याच काळात कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती कायद्यात झाली.

भाषेचा वाद त्यांच्यामागे बरीच वर्षं पेटत राहिला. 1987 च्या फेब्रुवारीत देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामकाजात जागा राहिली. 30 मे 1987 ला गोवा देशाचं पंचविसावं राज्य बनलं. 16 जानेवारी तिथे अस्मिताय दिस म्हणून पाळतात.

रूममेटच्या घरी मी दिवाळीत गेले होते. तिच्या आजोबांनी 1967 मध्ये फुलावर शिक्का मारला होता, आजीनं दोन पानांवर, आणि हे आजीनं आजोबांना कित्येक वर्षं सांगितलंच नव्हतं. मार्चमध्ये मात्र दोघांचं मत मगोच्या सिंहाला. त्यांच्या हॉलमध्ये घड्याळाखाली भाऊंचा फोटो आहे, दिवाळीत त्याला नवा हार होता. आजींनी मला कोकणीतून विचारलं, मी मराठीतून उत्तर दिलं, आणि कुणीच भाषा बदलली नाही. निघताना त्यांनी पुण्याच्या बसमध्ये खायला म्हणून इतके पोहे बांधून दिले की कोल्हापूर आलं तरी डबा अर्धाच रिकामा झाला होता. या वेळी पत्रादेवीला मी जागी होते.